लॉनवर तपकिरी डाग पसरताहेत, २४ तारखेच्या आधी काय करू?

मेधा, चारकोप. सोमवार, ११ मे, सकाळी ७.४०

मंडळी,

घाईत लिहितेय. लॉनला परत डाग पडलेत. या वेळी कोटा लादीच्या कडेपासून सुरुवात झाली. आठ दिवसांपूर्वी जेवणाच्या ताटाएवढे होते, आता दोन एकमेकांना मिळून सतरंजीएवढा एक झालाय, आणि तुळशीकडे तिसरा दिसायला लागलाय. रंग करपलेल्या पोळीसारखा, मध्ये एखाददुसरी हिरवी काडी. पाण्याचा प्रश्न नाही, रामजी रोज संध्याकाळी न चुकता पाणी घालतो.

माळी म्हणतो, "बुरशी हाय, औषध मारतो." उद्या पंप घेऊन येणार आहे. मारू द्यावं का? २४ ला मंडळाच्या कट्ट्याला तुम्ही सगळे इथेच बसणार, आणि आमची नात आता रांगते. हाताला लागेल ते तोंडात.

शशांक, न्यू जर्सीतल्या एडिसनच्या आमच्या लॉनचं निदान तू फोटोवरून केलं होतंस. तसंच कर बाबा. फोटो जोडलाय.

मेधा

---

शशांक, एडिसन. रविवार, १० मे, रात्री ११.१५ (आमच्याकडे अजून रविवारच)

मेधावहिनी,

ब्राउन पॅच. बघताक्षणी. ऱ्हायझोक्टोनिया नावाची बुरशी. रात्री पारा २० सेल्सिअसच्या वर राहिला आणि पानं दहा-बारा तास ओली राहिली की हिचं फावतं. तुमच्याकडे मे महिन्यात रात्री २७-२८ असतं, घामट हवा, त्यात संध्याकाळचं पाणी. म्हणजे तुम्ही तिला पाहुणचारच करताय.

पहाटे सहाला, दव असताना, चहा घ्यायच्या आधी बाहेर जा. डागाच्या कडेला करड्या धुरासारखी कड दिसते का बघा. दिसली तर बुरशीच. पाणी आजपासून पहाटे घाला. युरिया अजिबात नको. औषध मारायला हरकत नाही. टॉल फेस्क्यू असेल तर गवत साडेतीन इंचाच्या खाली कापू नका.

शशांक

---

प्राजक्ता, डॅलस. रविवार, १० मे, रात्री १०.५०

> टॉल फेस्क्यू असेल तर

चारकोपला टॉल फेस्क्यू?? शशांक, ते थंड हवेचं गवत आहे रे. मुंबईत त्याला शीतकपाटात ठेवावं लागेल.

मेधाकडे हरळी आहे, मी डिसेंबरात स्वतः बसलेय तिच्यावर. गणपतीला आपण २१ दूर्वांची जुडी वाहतो ना, तीच. आमच्याकडे तिलाच बर्म्युडा म्हणतात आणि अख्खं डॅलस तिच्यावर उभं आहे. ३८ डिग्रीत ती हसत वाढते. न्यू जर्सीतलं गवत उन्हाळ्यात झोपी जातं म्हणून तिथे जुलैत सगळं पिवळं दिसतं. हरळी उन्हाळ्यात झोपत नाही, थंडीत झोपते. तेव्हा मे महिन्यात हरळी करपत असेल तर दोष उन्हाचा नाही, दुसरंच काहीतरी आहे. मेधा, पान कुठून करपतंय ते सांग. टोकाकडून की मधून?

---

शशांक, एडिसन. सोमवार, ११ मे, सकाळी ६.३०

फेस्क्यू मी "असेल तर" म्हणून लिहिलं होतं. वाचावं नीट. रटगर्स विद्यापीठाच्या एक्स्टेंशनच्या (शेती-बागकामाच्या) वर्गांना मी सलग दोन वर्षं गेलोय, हे इथल्या जुन्या लोकांना ठाऊक आहे. बुरशी हरळीवरही येते.

---

विनायक, प्लेन्सबरो. सोमवार, ११ मे, सकाळी ८.०५

नमस्कार.

ही ईमेल-यादी मंडळाच्या कामकाजासाठी आहे याची नम्र आठवण. बागकामासाठी वेगळी यादी काढून दिली होती, तिथे आजवर तीन पत्रं आली, त्यातलं एक माझं चाचणीचं. २४ मेच्या मुंबई कट्ट्याचे नक्की आकडे अजून मिळालेले नाहीत, त्याकडे लक्ष द्यावं.

विनायक (खजिनदार)

---

नितीन, ठाणे. सोमवार, ११ मे, संध्याकाळी ६.२०

विनायकराव, कट्टा ज्या लॉनवर होणार तिचंच चाललंय. कामकाजच आहे हे.

मेधाताई, माझं मत हुमणी बघा. आमचे वडील सांगलीला ऊस करायचे. एका वर्षी सव्वा एकर असा वाळत गेला की हाताने ओढला तर ठोंब अलगद वर यायचा, मुळं खाल्लेली. तुम्हीही डागाच्या कडेचं गवत मुठीत धरून ओढा. गोणपाटासारखं उचलून आलं तर खाली पांढऱ्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या वाकलेल्या अळ्या असणार.

(लिहिल्यावर आठवलं. मे महिन्यात हुमणी अळी नसते. भुंगेरे जमिनीत दडून वळवाची वाट बघत असतात. पहिला पाऊस पडला की तिन्हीसांजेला बाहेर येऊन कडुनिंबावर, बाभळीवर बसतात, वडील तेव्हा फांद्या हलवून खाली रॉकेलमिश्रित पाण्यात पाडायचे. अळी मुळं खाते ती पावसाळ्यात, पार ऑक्टोबरपर्यंत. तेव्हा माझं मत मागे. तरी ओढून बघा, पैसे पडत नाहीत.)

---

सुलभा, दादर. सोमवार, ११ मे, रात्री ९.१०

मेधा,

१. पन्हं मी करणार आहे, गुळाचं. माणसं किती ते विनायकला विचारू नकोस, त्याचा आकडा नेहमी दहाने कमी असतो. तूच सांग.

२. शशांकच्या बोलण्यावर औषध मारू नकोस. हळदीकुंकवाला मांडववाल्याची जाजमं दोन दिवस लॉनवर पडून राहिली आणि खाली पिवळा चौकोन उठला, तेव्हाही तो बुरशीच म्हणाला होता. बुरशी चौकोनी असते का?

३. मागच्या आठवड्यात आले होते तेव्हा बागेच्या नळावर चूळ भरली, तर पाणी मचूळ लागलं. बोलायचं राहून गेलं. बोअर जोडलीस का?

सुलभाताई

---

अनिरुद्ध, विलेपार्ले. सोमवार, ११ मे, रात्री ९.४०

कुत्रा आहे का शेजारी? आमच्याकडे तेच निघालं. मध्ये मेलेलं गवत आणि भोवती गर्द हिरवं कडं. मधे जास्त झालेलं मूत जाळतं, कडेला थोडं पडलेलं खतासारखं लागू पडतं. आमच्या खालच्या मजल्यावरच्या लॅब्रडॉरची सगळी वेळापत्रकं मला पाठ आहेत.

---

मेधा, चारकोप. बुधवार, १३ मे, सकाळी ८.१५

एकेकाला उत्तर देते.

शशांक, काल आणि आज पहाटे सहाला बाहेर गेले. धूर दिसला तो फक्त कोपऱ्यावर कचरा पेटवला होता त्याचा. डागाच्या कडेला काही नाही.

नितीन, ओढलं. माझीच कंबर धरली, गवत हललं नाही.

अनिरुद्ध, कुत्रा नाही. एक बोका आहे, पण तो लादीवर झोपतो.

प्राजक्ता, टोकाकडून! चष्मा लावून बसले तेव्हा कळलं. पात्याचं टोक आधी वाळतं, मग कडा, बूड अजून हिरवं. पात्यावर ठिपका नाही, डाग नाही.

आणि सुलभाताई, तुमच्या जिभेला दंडवत. बोअरच आहे. पाणी कमी येतं म्हणून सोसायटीने एप्रिलच्या मध्यावर बागांना नळाचं पाणी बंद केलं आणि बोअरची लाइन दिली. आम्ही तेव्हा पुण्याला होतो, रामजीने नवा नळ दिसला त्याला पाइप लावला. बाहेरचा नळ कोण चाखून बघतो! खाडी इथून चालत दहा मिनिटांवर. काल आरओच्या सर्व्हिसचा मुलगा आला होता, त्याच्या टीडीएसच्या (पाण्यात विरघळलेले क्षार मोजायच्या) पेनाने दोन्ही पाणी मोजून घेतलं. नळाचं ७०. बोअरचं २,६५०. तो मुलगा म्हणाला, "काकू, हे कोणी पीत तर नाही ना?"

लादीच्या सांध्यांत आणि डागावरच्या मातीत पांढरा पापुद्रा दिसतोय. मी आजवर तो चुना समजत होते. माळी मंगळवारी पंप घेऊन आला होता. चहा देऊन परत पाठवला. रागावलाय.

---

प्राजक्ता, डॅलस. मंगळवार, १२ मे, रात्री ११.३०

मग झालं निदान. मीठ.

हरळी मीठ बरंच सोसते, म्हणून महिनाभर टिकली तरी. पण संध्याकाळी नुसतं शिंपडलं की पाणी वरच्या दोन बोटांत मुरतं, दुसऱ्या दिवशी उन्हात उडून जातं आणि मीठ तिथेच राहतं. रोज थोडं थोडं. लादीकडे सुरुवात का? लादी तापते, तिच्या कडेची माती सगळ्यात आधी सुकते.

मेधा, एक कर. श्रीखंडाचे चार रिकामे डबे लॉनवर ठेव आणि रामजी घालतो तसंच पाणी घालू दे. मग पट्टीने मोज.

---

मेधा, चारकोप. गुरुवार, १४ मे, सकाळी ७.५०

तीन मिलिमीटर. एका डब्यात चार. लादीकडच्या डब्यात जेमतेम दोन, कारण तिथवर पाइप पुरत नाही आणि रामजी अंगठा दाबून फवारा उडवतो.

म्हणजे "न चुकता पाणी" हेच चुकत होतं. आता उपाय सांगा.

---

प्राजक्ता, डॅलस. गुरुवार, १४ मे, सकाळी ६.१०

गोड्या पाण्याने धुऊन काढायचं. सहा इंच पाणी हळूहळू मुरवलं तर वरच्या फूटभर मातीतलं साधारण अर्धं मीठ खाली जातं. बारा इंच मुरवलं तर ८० टक्के. एकदम ओतू नकोस, वाहून जाईल. घाल, मुरू दे, परत घाल. आधी सळईने भोकं पाड.

---

शशांक, एडिसन. गुरुवार, १४ मे, सकाळी ८.००

लॉन २० बाय ३० ना? सहा इंच म्हणजे ३०० घनफूट, साडेआठ हजार लिटर. एक टँकर मागवा, विषय संपला. आणि संध्याकाळी पाणी घालू नका हे मी पहिल्याच पत्रात लिहिलं होतं.

---

नितीन, ठाणे. गुरुवार, १४ मे, रात्री ८.३०

> एक टँकर मागवा, विषय संपला

शशांक, इथे मे महिना चालू आहे. भातसा, तानसा, वैतरणा जिथे आहेत त्या शहापूरकडच्या पाड्यांवर उन्हाळ्यात बायका टँकरची वाट बघत हंडे मांडून बसतात. धरणं त्यांच्या उशाशी आणि पाणी आपल्या नळाला. आणि आपण कट्ट्याच्या फोटोत गवत हिरवं दिसावं म्हणून टँकर ओतणार? मला नाही पटत. शिवाय टँकरचं पाणी कुठल्या तरी बोअरचंच असायचं. मग मिठावर मीठ.

---

विनायक, प्लेन्सबरो. गुरुवार, १४ मे, दुपारी १२.४०

टँकरचा खर्च मंडळाच्या खात्यातून होणार नाही, हे आत्ताच स्पष्ट करतो. मांडवाच्या वेळी असंच "बघू नंतर" म्हणून झालं होतं.

---

सुलभा, दादर. गुरुवार, १४ मे, रात्री ११.००

विनायक, तुझ्याकडे मागितला कोणी?

---

अनिरुद्ध, विलेपार्ले. शुक्रवार, १५ मे, सकाळी ९.२०

थांबलात तर पाऊसच धुऊन काढेल. सहा इंच म्हणजे १५० मिलिमीटर. सांताक्रूझला एका जून महिन्यात सरासरी ५०० च्या वर पडतो. फुकट.

---

मेधा, चारकोप. शुक्रवार, १५ मे, सकाळी १०.०५

पाऊस ११ जूनला, कट्टा २४ मेला.

---

अनिरुद्ध, विलेपार्ले. शुक्रवार, १५ मे, सकाळी १०.१२

गेल्या वर्षी २६ मेलाच आला होता, विसरलात? माझे गाद्यांचे कापूस गच्चीवर होते.

---

नितीन, ठाणे. शुक्रवार, १५ मे, दुपारी १.३०

सगळं लॉन धुवायचं कशाला? डाग तेवढेच धुवा. शंभर चौरस फूट धरले तर १,४०० लिटर होतात. आणि पाणी एसीचं वापरा. ते हवेतून गळलेलं, त्यात मीठ नसतंच. या दमट हवेत आमच्या एका एसीखाली रात्रीत बादली भरते. तुमचे दोन, शेजाऱ्यांचे तीन. नळीखाली बादली ठेवायची आणि सकाळी ओतायची.

---

मेधा, चारकोप. बुधवार, २० मे, सकाळी ८.४०

पाच दिवसांचा हिशेब: आमच्या दोन एसींच्या दोन बादल्या, शेजारच्या कुलकर्णीकाकूंची एक, समोरच्या तरुण जोडप्याच्या दोन (ते रात्रभर १८ वर लावतात, पहिल्यांदाच कुणाला त्याचा आनंद झाला). रोज पंचाहत्तर लिटर, म्हणजे अजून चारशेच्या आतच. तेव्हा सगळं पाणी मोठ्या डागाच्या अर्ध्या भागावरच घालतेय, पहाटे. बोअरचा पाइप काढून रामजीच्या खोलीत कुलुपात ठेवलाय. तो म्हणतो, "आता मी संध्याकाळी काय करू?"

धुतलेल्या भागात बुडातून नवी हिरवी टोकं आलीत. सुतळीने कड आखून ठेवली होती, त्या बाजूला डाग सुतळीच्या बाहेर गेलेला नाही. तुळशीकडचा मात्र चार बोटं पुढे सरकलाय, तिथे अजून पोचले नाही. २४ पर्यंत हिरवं होणार नाही हे नक्की. डागावर खुर्च्या मांडते.

माणसं चौतीस.

---

शशांक, एडिसन. मंगळवार, १९ मे, रात्री ११.५०

छान. तरी नवीन टोकांवर ठिपके आले तर कळवा, दमट हवेत बुरशी नंतरही येते.

---

सुलभा, दादर. बुधवार, २० मे, सकाळी ११.३०

चौतीस म्हणजे चव्वेचाळीसचं करते. मेधा, पन्ह्याला पाणी मी दादरहून आणते. आणि डागावर खुर्च्या नको, पाय रुततील ओल्यात. तिथे पानदान ठेव.

---

विनायक, प्लेन्सबरो. बुधवार, २० मे, सकाळी ७.१५

माझ्याकडे आकडा चोवीस आहे. कृपया नावं पाठवावीत. पन्ह्यासाठी नवा विषय सुरू करावा.