मदत हवी आहे : लवचीक यंत्रभुजेच्या कंपनांमधील अनिश्चितता
नमस्कार. शिरोली औद्योगिक वसाहतीतील एका फाउंड्रीसाठी आम्ही ओतीव भाग उचलणाऱ्या लांब, सडपातळ यंत्रभुजेचे गणिती मॉडेल तयार करत आहोत. बोल्टने आवळलेल्या सांध्यांची ताठरता आणि डॅम्पिंग (कंपने विरवण्याची क्षमता) दर जुळणीला बदलतात. हातोडा चाचणीत (हातोड्याचा ठोका देऊन कंपने मोजताना) भुजेची पहिली नैसर्गिक वारंवारता मॉडेलशी जुळते, वरच्या वारंवारता मात्र सरकतात. ताठरतेला नॉर्मल वितरण दिल्यास ऋण मूल्येही संभवतात, म्हणून गॅमा वितरण घेतले आहे. परंतु भुजेला साधी तुळई मानण्याचे मॉडेलमागचे गृहीतकच अपुरे असेल, तर केवळ पॅरामीटर यादृच्छिक करून ती उणीव भरून निघत नाही, असे माझे ठाम मत आहे. अशा वेळी क्रिस्तियाँ स्वाझ यांनी २००० साली मांडलेली रँडम मॅट्रिक्स पद्धत (सुटे पॅरामीटर नव्हे, तर मॉडेलचे संपूर्ण मॅट्रिक्सच यादृच्छिक धरणारी) वापरावी का, आणि तिच्यातील विखुरणाचा (अनिश्चितता किती मोठी हे सांगणारा) पॅरामीटर मोजक्या चाचण्यांवरून कसा ठरवावा? जाणकारांनी कृपया मार्गदर्शन करावे.