‘पायरॉप्टोसिस’ रोखणारं औषध : मराठीत काय म्हणावं?

विचारणा : तालुक्याच्या आरोग्य प्रशिक्षणासाठी टिपण करतो आहे. पायरॉप्टोसिस म्हणजे दाह पेटवत पेशी फुटून मरणं; ते रोखणाऱ्या औषधाला एका मसुद्यात ‘पेशी-आत्महत्या प्रतिबंधक’ म्हटलंय. चालेल का?

उत्तर : ‘आत्महत्या’ काढाच, भाऊ. यवतमाळ-अमरावतीकडच्या गावांत हा शब्द पेशीसाठी वापरूच नये. ‘नियंत्रित पेशीमृत्यू’ लिहा. ‘प्रतिबंधक’ म्हटलं की लोकांना लस वाटते, ‘रोधक’ बरं. ‘दाह’ म्हणजे इकडे पोटात आग होणं, म्हणून पहिल्या उल्लेखाला ‘सूज, लाली, ताप, ठणक’ जोडा. मिळून ‘दाहक पेशीमृत्यू-रोधक’.

दुसरं उत्तर : रोधक ठीक, पण कशाचा, तेही लिहा. कॅस्पेज-१ हे विकर (एन्झाइम) गॅसडर्मिन-डी प्रथिन कापतं, त्याचा तुकडा पेशीच्या पटलात छिद्रं पाडतो, त्यांतून आयएल-१ बीटा हे दाह वाढवणारं संदेश-प्रथिन बाहेर पडतं. पटल फाटतं ते नंतर, निंज्युरिन-१ या दुसऱ्या प्रथिनामुळे (२०२१ चा शोध). एनएलआरपी३ हे कॅस्पेज-१ ला चेतवणारं प्रथिन; त्याचा रोधक ही एकच वाट अडवतो. कॅस्पेज-४ या दुसऱ्या विकराकडून गॅसडर्मिन तरीही कापलं जातं.

प्रयोगशाळेतल्या चाचणीतही इथंच गफलत होते. भक्षकपेशींना (मॅक्रोफेज) तयार करायला लिपोपॉलिसॅकराइड (जिवाणूंच्या कवचातला घटक) सुमारे ४ तास द्यायचं, मग औषध, मग पायरॉप्टोसिस सुरू करणारं निजेरिसिन (साधारण १० मायक्रोमोलर). औषध आधीच घातलं तर त्यानं तयारीचाच टप्पा दाबला की छिद्रं रोखली, ते कळत नाही. नुसतं एलडीएच (पेशी फाटल्यावर बाहेर सांडणारं विकर) मोजणंही अपुरं : ग्लायसिन हे अमिनो आम्ल घातलं की पटल फाटत नाही, एलडीएच कमी दिसतं, पण छिद्रं असतातच आणि आयएल-१ बीटा गळत राहतं. म्हणून दोन्ही मोजा, नि मगच ‘छिद्ररोधक’ म्हणा.

विचारणा : डायसल्फिरामही यात येतं म्हणतात. ती तर व्यसनमुक्तीची गोळी. काहून?

दुसरं उत्तर : बरोबर. २०२० मध्ये दिसलं की ते गॅसडर्मिन-डीच्या १९१ व्या जागच्या सिस्टीन या अमिनो आम्लाला चिकटतं. कापणं थांबत नाही, छिद्र बनणं थांबतं. त्यामुळे ब्लॉटवर (प्रथिनांचे तुकडे दाखवणारी चाचणी) कापलेला तुकडा दिसला म्हणून औषध फसलं असं लिहू नये. याला ‘छिद्ररोधक’ हाच नेमका शब्द. ‘सुजेवरची गोळी’ मात्र टिपणात नको, कोणी मनानं घेईल. गोळी चालू असताना दारूच काय, अल्कोहोल असलेलं खोकल्याचं पातळ औषध पोटात गेलं तरी चेहरा लालबुंद होतो, उलट्या होतात, रक्तदाब घसरतो.