प्रतिसाद: गणपतीपुळे आणि कातळशिल्पं, मे महिन्यात

आईला घेऊन दोन दिवसांत 'प्राचीन कोकण' (गणपतीपुळ्याचं उघड्यावरचं संग्रहालय) आणि कातळशिल्पं (जमिनीलगतच्या कातळात खोदलेली प्राचीन चित्रं) दोन्ही जमतील का, असं विचारलंयत. जमेल की, फक्त क्रम बदला. तुम्ही दुपारी सड्यावर, म्हणजे कातळशिल्पं असलेल्या उघड्या कातळाच्या पठारावर, जायचं ठरवलंय, ते आधी खोडा. मे महिन्यात कातळ तापतोच, शिवाय खोदकाम उथळ असल्याने डोक्यावरच्या उन्हात रेघच दिसत नाही. सकाळी किंवा चारनंतर तिरपं ऊन पडलं की खोबणीच्या कडेला सावली धरते आणि कातळात खोदलेला आख्खा हत्ती उमटतो. तोवर आपण त्याच्या पाठीवरच उभे असतो!

आई सोबत असतील तर रत्नागिरी तालुक्यातल्या उक्षी गावचं कातळशिल्प बरं, भोवती दगडी गडगा आहे, बाहेरूनच नीट दिसतं. कशेळीचा हत्ती साधारण १८ मीटर लांब, पोटात इतर प्राणी. पण तो राजापूर तालुक्यात, त्याला वेगळा दिवस द्या. दोन्ही ठिकाणं युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या २०२२च्या संभाव्य यादीत आहेत.

'प्राचीन कोकण'मधले पुतळे झाडांखाली आहेत, ते दुपारी ठेवा. चढउतार आहे, आईंना सावकाश न्या. आणि फोटोसाठी रेघांवर खडू फिरवू नका, प्लीज.