मदत हवी आहे: सरकी पेंडीऐवजी घरचं सोयाबीन चालेल का?

नमस्कार मंडळी. आम्ही निपाणी भागातले. दोन एचएफ (होल्स्टीन फ्रिजियन जातीच्या) गाई आहेत. एक १४ लिटर देते, दुसरी ७ महिन्यांची गाभण. सरकी पेंड आता परवडेना, आणि घरात सोयाबीनची पोती पडून आहेत. त्यात प्रथिनं साधारण ४० टक्के, तेल २० टक्के. कच्चं न देता भाजून, भरडून द्यायचा विचार आहे. युरिया घातलेल्या चाऱ्याबरोबर कच्चं सोयाबीन देऊ नये, अमोनिया सुटतो, एवढं माहीत आहे. पण एका गाईला रोज किती द्यावं? तेलामुळे डेअरीत फॅट कमी लागेल का? शेजारचे काका हुलगा शिजवून घालतात, तो मिसळला तर? गाभण गाईची फार काळजी वाटते. कुणी स्वतः घातलं असेल तर कृपया सांगा.