सॉफ्ट टॅकोसाठी पुल्ड पोर्कला मेक्सिकन चव कशी आणायची?

मंदआच:
पोर्कच्या खांद्याचा २ किलोचा तुकडा आज ओव्हनमध्ये मंद आचेवर ७ तास ठेवला, मस्त शिजलाय, काटा लावला की धागे सुटतायत. पण शिजवताना नुसतं मीठ, मिरी आणि एक कांदा घातला होता कारण तेव्हा पुढे काय करायचं ते ठरलंच नव्हतं, आणि आता उद्या रात्री ८ जणांसाठी सॉफ्ट टॅको करायचं चाललंय. मागच्या वेळी टॅको मसाल्याचं पाकीट वरून भुरभुरवलं तर खाताना फक्त जिरं आणि मीठ लागत होतं, मसाला कच्चट आणि मांस आतून अळणीच. बार्बेक्यू सॉसचा गोडपणा अजिबात नकोय. भांड्याच्या तळाशी दोनेक कप रस आहे, वर चरबीचा थर आलाय, हे ठेवू का काढून टाकू?

तिखटजाळ:
रस टाकू नका!! सगळी चव तिथेच आहे. रात्रभर फ्रिजमध्ये ठेवा, सकाळी चरबी घट्ट होऊन वर येईल ती वेगळी काढा, खालचा रस जेलीसारखा झालेला दिसेल, मांसातल्या कोलॅजनचं जिलेटिन होतं ना, तेच ते. दोन्ही वापरायचंय.

पाकिटातला मसाला कच्चट लागला कारण तो परतलाच गेला नाही. पूड सोडा, अख्ख्या सुक्या मिरच्या घ्या. ४ आंचो, ४ ग्वाहीयो, आणि धुराच्या वासासाठी १ चिपोतले. आंचो म्हणजे सुकवलेली पोब्लानो, ती तिखट कमी आणि मनुकांसारखी गोडसर असते, रंग आणि हलका आंबूसपणा ग्वाहीयोचा, चिपोतले म्हणजे पिकलेली हालापेन्यो धुरावर सुकवलेली. देठ-बिया काढून कोरड्या तव्यावर एकेक बाजू काही सेकंदच दाबून भाजा, वास सुटला की लगेच उचला, काळी पडली तर ती बाजूलाच ठेवा कारण एक जळकी मिरची अख्खं वाटण कडू करते. मग गरम पाण्यात २० मिनिटं भिजवून ५ लसूण पाकळ्या (सालासकट तव्यावर भाजून मग सोललेल्या), अर्धा भाजलेला कांदा, १ चमचा भाजलेलं जिरं, २ लवंगा असं बारीक वाटा. ग्वाहीयोची साल चिवट असते म्हणून वाटण गाळून घ्या, आळस करू नका.

आता ती काढलेली चरबी दोन मोठे चमचे गरम करून त्यात वाटण परतायचं, रंग गडद होऊन कडेने तेल सुटेपर्यंत. मग रस घाला, निम्मा होईपर्यंत आटवा, आणि त्यात पिंजलेलं मांस. मीठ अगदी शेवटी बघा, रस आटला की खारटपणा वाढतो.

लिंबूमीठ:
वरच्याशी सहमत, पण आंबटपणा राहिला! माझ्या मते मेक्सिकन चव म्हणून जे आपल्याला आठवतं त्यातलं निम्मं लिंबाचं असतं. गॅस बंद केल्यावर १ संत्र्याचा आणि २ लिंबांचा रस पिळा, उकळवू नका.

आणि एक, वेगवेगळे मेक्सिकन प्रकार एकत्र करू नका. मेक्सिकोतल्या मिचोआकान राज्यातले कार्निटास म्हणजे चरबीत शिजवलेलं पोर्क, त्यात मिरचीचं वाटण नसतं, तिखट येतं ते वरच्या साल्सातून. युकातान राज्यातलं कोचिनीता पिबील वेगळं, तिथे अचिओते (लाल रंगाच्या बियांचं वाटण) आणि कडू संत्र्याचा रस लावून केळीच्या पानात गुंडाळून शिजवतात. तुमचं मांस आधीच शिजलंय म्हणजे पिबील आता जमणार नाही, पण त्याच्यावर घालतात तो गुलाबी कांदा नक्की करा. लाल कांदा पातळ चिरून, मीठ लावून, लिंबू-संत्र्याच्या रसात तासभर. आणि ओरेगानो मेक्सिकन मिळाला तर बघा, तो पिझ्झावरच्या ओरेगानोच्या कुळातलाच नाही, व्हर्बेनाच्या कुळातला आहे, वास लिंबाकडे झुकणारा. तळहातावर चुरडून घालायचा.

कडाकुरकुरीत:
मला वाटतं सगळ्यात जास्त फरक शेवटच्या ५ मिनिटांनी पडतो. रसात घोळवलेलं मांस ट्रेमध्ये पातळ पसरून ग्रिलखाली ठेवा, टोकं खरपूस होऊ देत, मधला भाग ओलाच राहील, मग बाजूला ठेवलेला थोडा रस वरून शिंपडा. तसंच ओलं भरलं तर टॉर्टिया (टॅकोची पोळी) तळातून फाटतो. मक्याचे असतील तर कोरड्या तव्यावर दोन्हीकडून गरम करून कापडात गुंडाळून ठेवा, गार मक्याचा टॉर्टिया दुमडताना तडकतो. वर कांदा, कोथिंबीर, बास. चीज-आंबट साय घालून एवढ्या मेहनतीची मिरची झाकू नका प्लीज.

मंदआच:
सगळ्यांचे मनापासून आभार! चिपोतले सुकी मिळाली नाही, अदोबो (आंबट-तिखट लाल) सॉसमधली डब्यातली मिळाली, तिच्यातली एकच घातली. पहिल्या खेपेला एक ग्वाहीयो करपली, ती काढून टाकली. वाटण परतताना आधी विटकरी होतं ते १० मिनिटांत जवळजवळ तपकिरी झालं आणि कडेने लाल तेल आलं, तेव्हा कळलं मागच्या वेळी काय राहिलं होतं. थोडं मांस त्यात घोळवून चाखलं, लिंबाआधी आणि लिंबानंतर, दोन्ही घास वेगळ्याच पदार्थाचे वाटले. कांदा मुरत ठेवलाय, ग्रिल पाहुणे आल्यावर लावते.