जुन्या विंडोज ७ पीसीची रॅम, प्रोसेसर कुठे बघायचं?

प्रश्न: माझ्याकडे विंडोज ७ चा जुना डेस्कटॉप आहे, खूप स्लो झालाय म्हणून रॅम वाढवायचीय, पण आत डीडीआर२ प्रकारची रॅम आहे की डीडीआर३ तेच कळत नाही, बिल वगैरे काही सापडत नाहीये. कॅबिनेट न उघडता कळेल का?

उत्तर १: विंडोजचं बटण आणि आर एकत्र दाबा, रनमध्ये एमएसइन्फो३२ इंग्रजीत टाइप करून एंटर मारा. प्रोसेसर, बायोस, एकूण रॅम सगळं एका पानावर दिसतं. एक्सपीवरही चालतं हे.

उत्तर २: पण त्यात रॅमचा प्रकार नाही ना दिसत. त्यासाठी सीपीयू-झेड नावाचं सॉफ्टवेअर टाका, फुकट आहे, मेमरी टॅबमध्ये डीडीआर२ की ३ ते लिहिलेलं असतं आणि एसपीडी टॅबमध्ये कुठल्या स्लॉटमध्ये किती जीबीची पट्टी आहे तेही. एक लक्षात ठेवा, तिथे स्पीड निम्मा दिसतो, ४०० मेगाहर्ट्झ दिसला तर पट्टी ८०० ची समजायची, मी पहिल्यांदा बघितलं तेव्हा रॅम खराब आहे असंच वाटलं होतं. आणि डीडीआर२ च्या स्लॉटमध्ये डीडीआर३ बसतच नाही, खाच वेगळ्या जागी असते, जोर लावू नका प्लीज.

उत्तर ३: आधी कॉम्प्युटरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज करून सिस्टम टाइप बघा. ३२ बिट असेल तर विंडोज ७ ४ जीबीच्या वर रॅम वापरतच नाही, पैसे वाया जातील.

प्रश्नकर्ता: बघितलं, डीडीआर२, २ जीबी, एक स्लॉट रिकामा आणि ३२ बिटच निघालं! मग अजून २ जीबीच टाकतो. खूप आभार.