सरखेली घरात राहिली म्हणून आरमार बुडालं काय?

पाळीवरचा : आमच्याकडे पाणी म्हणजे मामा तलाव (माजी मालगुजारी तलाव) अन् नाव म्हणजे ढिवराचा, मासे धरणाऱ्याचा, डोंगा. तरी परवा अभ्यासिकेत पोरं सरखेलपदावरून, म्हणजे मराठी आरमाराच्या सरदारकीवरून, हमरीतुमरीवर आली. 'पेशव्यानं आरमार बुडवलं' असा सगळ्यांचा सूर. मले ते अर्धंच पटते. पद नेमणुकीचं न राहता वारसानं घरातच राहिलं, म्हणूनही बुडालं. कान्होजी आंग्रे काही वारसानं सरखेल झाले नव्हते. सिधोजी गुजरांच्या हाताखाली राबले, ते गेल्यावर १६९८ मध्ये आरमार त्यांच्याकडे आलं. १७२९ मध्ये कान्होजी वारले अन् पद पोराकडे गेलं. सेखोजी होते तोवर निभलं. १७३३ मध्ये तेही गेले, मग त्यांचे भाऊ संभाजी-मानाजी धुऱ्यावरून, म्हणजे शेताच्या बांधावरून, भांडणाऱ्या भावांसारखे भिडले. १७३५ मध्ये हिस्से पडले : संभाजीले सरखेली, मानाजीले कुलाबा अन् 'वजारतमाआब' हा नवा किताब. सातबारा फोडावा तसं आरमार फोडलं. मागणारे घरचेच होते ना?

कडू निंब : काऊन बाप्पा, १७५६ गिळून टाकलं? संभाजीनंतर सरखेल झालेल्या तुळाजी आंग्र्यांवर इंग्रज कोणी आणले? नानासाहेब पेशव्यांनी. १७५५ मध्ये इंग्रज आरमाराच्या जेम्सनं सुवर्णदुर्ग घेतला, पुढच्या फेब्रुवारीत इंग्रजांचेच वॉटसन अन् क्लाइव्ह विजयदुर्गावर आले. तुळाजींची जहाजं एकमेकांले बांधून उभी होती. त्यातच इंग्रजांकडूनच धरलेलं 'रेस्टोरेशन' जहाज. तोफगोळा पडून पहिले पेटलं तेच. खळ्यात धानाचे पुंजणे एकाले एक लागून असले अन् एकाले आग लागली की काय होते, तुले सांगायले पाहिजे काय? सारं आरमार तसंच गेलं. अन् बदल्यात इंग्रजाले बाणकोट देऊन बसले.

पाळीवरचा : तुळाजी पुण्याले जुमानत नव्हते, हेही लिही की. नेमणुकीचा माणूस असता तर बदली करून मोकळे झाले असते. वारसाले बदलता येत नाही, म्हणून मारावं लागते.

जुना वाडा : वारसाले एवढ्या शिव्या नको देऊ राजेहो. मालगुजारी, म्हणजे गावाचा सारा वसूल करणाऱ्या जमीनदाराची वतनदारी, होती तोवर तलावाची पाळ दरसाल दुरुस्त व्हायची. १९५१ मध्ये मालगुजारी गेली, तलाव सरकारजमा झाले, अन् आता गाळात बेशरमाची झुडपं उभी आहेत. बदलून येणारा साहेब तलावाले जीव लावते काय? विजयदुर्गावर पुढं पेशव्यांच्या आरमाराचं धुळपांचं घराणंच बसलं, अन् १७८३ मध्ये आनंदराव धुळपांनी इंग्रज कंपनीचं 'रेंजर' जहाज धरलंच ना?

डोंगेवाला : पाळ मालगुजार बांधत नव्हते भाऊ, बांधून घेत होते. माझ्या आजाची पाठ विचारा. बाकी चालू द्या.

निवृत्त नाविक, साकोलीकडचा : पंधरा वर्षं नौदलाच्या जहाजावर काढली म्हणून लिहून राहिलो. आमच्याकडे ताफ्याचा कमांडर साधारण वर्षा-दीड वर्षानं बदलते. नवा आला की डेकवरचं पितळ दोनदा घासायचं, एवढाच काय तो फरक पडे. स्वातंत्र्यानंतरही ताफ्यावर इंग्रज ॲडमिरलच होते. १९५६ मध्ये कटारी आले, ते पहिले भारतीय. १९७१ च्या युद्धात पश्चिम ताफा कुरुविलांकडे होता, त्यांच्या वर पश्चिम नौदल कमांडचे प्रमुख कोहली. ४ डिसेंबरच्या रात्री कराची पेटवली ती तीन लहान क्षेपणास्त्र नौकांनी : निपात, निर्घात, वीर. नेमणुकीचे साहेब कमी पडले नाहीत. गंमत म्हणजे पश्चिम कमांडचं मुंबईतलं ठाणं, त्याचं नाव 'आयएनएस आंग्रे'.

पाळीवरचा : घ्या! नाव आंग्र्यांचं, खुर्ची बदलीची. माझंच म्हणणं झालं.

कडू निंब : नाही झालं. १७३५ चं तू अर्धंच सांगितलं. भाऊ भांडले हे खरं, मानाजीनंच बाजीरावाले मधात घेतलं हेही खरं. पण त्या निवाड्यात राजमाची अन् कोथळीगड पेशव्यांकडे गेले. भावाभावाचा धुरा मोजायले आलेला माणूस जाताना दोन किल्ले घेऊन गेला, त्याले तुमच्या गावात पंच म्हणतात काय?